काळवत्रीच्या पोटातील खडे

पडद्यावर दिसणारी ही उंच भिंत छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील एका दगडखाणीची आहे. खडीसाठी डोंगर कापला गेला आणि सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर उघडे पडले. आज सुरुंगाचे काम बंद असल्याने भूगोलाच्या सरांनी नववीचा वर्ग येथे आणला आहे.

तळाचा काळवत्री (बेसाल्ट) खडक घट्ट आहे आणि खडी केंद्राला हवा असतो तो हाच. वर मात्र खडक भोकाभोकांचा होत जातो, कारण लाव्हा निवताना त्यातील वायूचे बुडबुडे वर चढले आणि वरचा भाग आधी थिजल्यामुळे तेथेच अडकून पडले. त्याच्याही वर दिसणारा तांबडा पट्टा दोन लाव्हाप्रवाहांमधील खंडाची खूण आहे. त्या काळात खडक झिजून त्याची माती झाली आणि पुढचा लाव्हा तिच्यावर पसरला.

खाणवाल्याच्या लेखी वरचा पोकळ दगड टाकाऊ असल्याने मुले त्याच ढिगावर बसली आहेत. एका मुलीने लिंबाएवढी गाठ हातोडीने फोडली आहे. गाठीची साल हिरवट आहे, आत राखाडी-पांढऱ्या रेघा आहेत, तर मधल्या पोकळीत गारेचे (क्वार्ट्झचे) टोकदार स्फटिक उभे आहेत. बाटलीतील पाणी ओतताच रेघा उठून दिसल्या. खडकात मुरलेल्या पाण्याने सिलिका विरघळवून आणली आणि बुडबुड्याच्या भिंतीवर तिचा थरावर थर बसवला, म्हणून या रेघा बाहेरून आत वाचायच्या असतात. हाच अकीक. काही पोकळ्यांत जांभळी झाक येते, ती गारेतील अत्यल्प लोहामुळे. काहींत स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांसारखे स्फटिक वाढतात. पांढरा दिसणारा प्रत्येक खडा मात्र गार नसतो. सरांनी दिलेल्या खिळ्याने कॅल्साइट या मऊ खनिजावर ओरखडा उमटतो आणि सौम्य आम्लाचा थेंब पडताच ते फसफसते. गारेवर खिळ्याचे काही चालत नाही.

पैठणला गोदावरीच्या पात्रातील वाळूगोट्यांत हेच अकीक गुळगुळीत होऊन सापडतात, आणि इतिहासाचा तास येथून सुरू होतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात, भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर असलेल्या पैठणहून गोमेदासारखे पट्टेदार खडे गाड्यांतून त्या बंदराकडे जात, अशी नोंद आहे. पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, हे कापडासाठी नावाजलेले होते. सातवाहनांच्या राजधानीची संपत्ती शिकवताना आपण राजांची नावे पाठ करून घेतो. हा दगड क्वचितच मुलांच्या हातात देतो.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातील हे मणी पाहा. अकीक आधी भाजला की त्यातील लोहामुळे त्याचा तांबूस रंग खुलतो. मग तो टिपून आकार द्यायचा, घासायचा आणि शेवटी दोन्ही बाजूंनी भोक पाडायचे. कठिणतेच्या एक ते दहा या मोज श्रेणीत गार सातव्या क्रमांकावर असल्याने हे भोक लोखंडाच्या साध्या टोच्याने पडत नाही. अकीक घासताना उडणाऱ्या धुळीने गुजरातमधील खंभातच्या कारागिरांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार जडतो, हेही सांगितले पाहिजे.

मराठवाड्याच्या विहिरींतून आणि खाणींतून निघालेले स्फटिक परदेशातील संग्रहांत मानाने मांडलेले आहेत, अजिंठ्याच्या वाटेवर ते पर्यटकांना विकलेही जातात. या वर्गाने मात्र आपल्या कपाटासाठी एक नियम केला आहे: गाव, थर आणि जमिनीपासूनची खोली लिहिलेली नसेल, तर खडा कितीही देखणा असला तरी घ्यायचा नाही. खाण बंद करताना तांबड्या पट्ट्याजवळची चार हात भिंत उघडी ठेवावी, असे विनंतीपत्र मुलांनी ग्रामपंचायतीला दिले आहे.