पुलावरचं विमान कुणी पाहिलं?

[काळा पडदा. दुरून येणारे हॉर्न. मग धुकट सकाळ, आणि समुद्रावर ताणलेला एक पांढरा पूल.]

योकोहामाचा बे ब्रिज. एकूण लांबी ८६० मीटर, दोन मनोऱ्यांमधलं अंतर ४६० मीटर. खरा पूल १९८९ च्या सप्टेंबरमध्ये वाहतुकीला खुला झाला आणि आजही उभा आहे. ‘पॅटलेबर २’ या जपानी ॲनिमेशन चित्रपटातला पूल मात्र २००२ च्या हिवाळ्यात मधोमध तुटतो.

पुलावर एक संशयित गाडी आहे, म्हणून वाहतूक अडवलेली. तुंबलेल्या रांगेत पोलीस अधिकारी शिनोबु नागुमो आपल्या गाडीत बसून आहेत. स्फोट होतो. गाडीतल्या बॉम्बचाच तो स्फोट, असं सगळे धरून चालतात. मग टीव्हीवर एका हौशी कॅमेऱ्यातली चित्रफीत येते. पुलावरून काहीतरी झपकन गेलेलं त्यात दिसतं. जाणकार सांगतात, हे एफ-१६ आहे, आपल्याच हवाई दलाचं. काही दिवसांनी आराकावा नावाचा लष्करी गुप्तवार्ता विभागाचा माणूस पोलीस कचेरीत येतो आणि वेगळी फीत लावतो. प्रतिमा मोठी करून, साफ करून पाहिली तर विमानाची आकृती टीव्हीवरच्या विमानाशी जुळत नाही.

पूल तुटला एवढं खरं. बाकी सगळं कुणी ना कुणी दाखवलेलं.

[शीर्षक. पार्श्वभूमीला केंजी कावाई यांचं संगीत.]

‘पॅटलेबर २’. दिग्दर्शक मामोरू ओशिई, पटकथा काझुनोरी इतो, निर्मिती प्रॉडक्शन आय.जी. लांबी ११३ मिनिटं. जपानमध्ये प्रदर्शित झाला ७ ऑगस्ट १९९३ रोजी. पॅट्रोल, म्हणजे गस्त, आणि लेबर हे दोन शब्द जोडून केलेलं हे नाव. लेबर म्हणजे बांधकामावर राबणारी माणसासारख्या घडणीची अवाढव्य यंत्रं, आणि त्यांच्यामुळे होणाऱ्या गुन्ह्यांसाठी नेमलेली पोलिसांची खास तुकडी. १९८८ पासून व्हिडिओ मालिकेत ही तुकडी बरीचशी हलक्याफुलक्या अंगाने येत होती. रोबो पाहायला या चित्रपटाला गेलेल्या मुलांची निराशा झाली असणार, कारण इथे रोबो मोजून काही मिनिटं दिसतात. उरलेला वेळ मध्यमवयीन माणसं बोलतात. गाडीत, कचेरीत, होडीत, बैठकीच्या लांब टेबलापाशी. रक्तपात फारसा नाही. तरीही हा प्रौढांचाच चित्रपट, कारण भीती कशाची वाटायला हवी ते कळायला इथे राज्ययंत्रणा कशी चालते याची थोडी जाण लागते.

बीज जुनंच. त्याच व्हिडिओ मालिकेच्या पाचव्या आणि सहाव्या भागात ओशिई आणि इतो याच जोडीने टोकियोतल्या एका लष्करी उठावाची गोष्ट सांगितली होती. पाच वर्षांनी ती पुन्हा हाती घेतली तेव्हा भोवतालचा देश बदलला होता.

[जंगल. पाऊस. रेडिओची खरखर.]

पहिलाच प्रसंग पाहा. १९९९, आग्नेय आशियातला एक देश. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आलेली जपानी तुकडी वेढली गेली आहे. तिचा प्रमुख युकिहितो त्सुगे रेडिओवरून गोळीबाराची परवानगी मागतो. ती मिळत नाही. थांबा, मदत येते आहे, एवढंच उत्तर. तो थांबतो. रॉकेटं येतात. शेवटी यंत्रातून एकटा त्सुगे बाहेर पडतो आणि पावसात समोर पाहतो, तर झाडीतून एक प्रचंड दगडी चेहरा त्याच्याकडे शांतपणे बघत असतो.

१९९३ च्या जपानी प्रेक्षकाला यातलं काहीच काल्पनिक वाटलं नसेल. युद्धाचा हक्क सोडून देणारं संविधानाचं नववं कलम १९४७ पासून लागू आहे. जून १९९२ मध्ये संसदेने शांतिसेनेत सहभागी होण्याचा कायदा कडाडून झालेल्या विरोधानंतर मंजूर केला, आणि सप्टेंबरपासून स्वसंरक्षण दलाचे, म्हणजे जपानी लष्कराचे, सुमारे ६०० जवान रस्ते आणि पूल दुरुस्त करायला कंबोडियात गेले. शस्त्र वापरायची मुभा फक्त स्वतःचा जीव वाचवण्यापुरती. १९९३ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत तिथे दोन जपानी मारले गेले, एक संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक, एक पोलीस. चित्रपट लागला तेव्हा दुसरी तुकडी अजून तिकडेच होती. आणि प्रदर्शनानंतर दोनच दिवसांनी मोरिहिरो होसोकावा यांचं मंत्रिमंडळ सत्तेवर आलं. १९५५ पासून राज्य करणारा पक्ष पहिल्यांदाच विरोधी बाकांवर बसला.

[हवाई संरक्षण कक्ष. हिरवट उजेड. पडद्यावर सरकणारे ठिपके.]

आता चित्रपटातला सर्वांत बांधीव प्रसंग. उत्तरेकडच्या मिसावा तळावरून एफ-१६ विमानं उडाली आहेत आणि टोकियोच्या दिशेने येत आहेत, असं रडारच्या पडद्यावर दिसतं. सांकेतिक नाव ‘वायव्हर्न’. ती रेडिओला उत्तर देत नाहीत. अडवायला दुसऱ्या तळांवरून लढाऊ विमानं उडतात. अंतर कमी होत जातं, आवाज मात्र कुणाचाच चढत नाही. पाडायचं की नाही, हे ठरवायची वेळ येते. आणि ठिपके नाहीसे होतात. तिथे विमानं नव्हतीच. हवाई संरक्षणाच्या संगणक जाळ्यात कुणीतरी ती घातली होती.

हे जाळं काल्पनिक नाही. बॅज नावाची ही यंत्रणा जपानने १९६९ मध्ये कार्यान्वित केली होती. रडार, आदेशकेंद्रं आणि तळ एका सूत्रात बांधणारी. पूर्वी माणूस दुर्बिणीतून आकाश बघायचा. आता सगळे तळ एकच चित्र बघतात, म्हणून ते एक चित्र खोटं केलं की सगळे एकदम फसतात. त्सुगेने नेमकं हेच हेरलं आहे.

पुढचा क्रम लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे, कारण त्यात एकही पाऊल अतर्क्य नाही. पुलावर विमान होतं म्हणजे हवाई दलावर संशय. मिसावाचे प्रमुख टोकियोला जायला निघतात, तर स्थानिक पोलीस त्यांना अडवतात. अपमान झाला म्हणून तळ आपली दारं लावून घेतात. दारं लावली म्हणून पोलीस बंदोबस्त वाढवतात. आता पोलीस हाताबाहेर चाललेत म्हणून सरकार दुसऱ्या तुकड्यांना थेट राजधानीत बोलावतं. यातला प्रत्येक जण आपापलं कर्तव्यच करतो आहे, आणि त्यातूनच टोकियोच्या रस्त्यावर रणगाडे येतात.

पोलीस आणि लष्कराची ही रस्सीखेच पटकथेची कल्पना नव्हे. ६ सप्टेंबर १९७६ रोजी एक सोव्हिएत वैमानिक मिग-२५ घेऊन हाकोदातेच्या नागरी विमानतळावर उतरला. खालून उडाल्यामुळे तो रडारवरून निसटला होता. उतरल्यावर विमानतळाचा ताबा पोलिसांनी घेतला आणि स्वसंरक्षण दलाला बाहेर ठेवलं. राजधानीत सैन्य आणण्याची तरतूदही खरी आहे. स्वसंरक्षण दल कायद्याचं ७८ वं कलम पंतप्रधानांना तो अधिकार देतं आणि २० दिवसांत संसदेची मान्यता मागायला लावतं. १९६० मध्ये अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध टोकियो पेटलं, तेव्हा पंतप्रधान किशी यांच्या मनात ते वापरायचं होतं. संरक्षण खात्याचे प्रमुख अकागी यांनी नकार दिला. ते कलम आजवर वापरलं गेलेलं नाही. चित्रपटात वापरलं जातं.

[पेन्सिलीने काढलेला एक कागद. आयताची चौकट, तिच्यातून जाणारी एक आडवी रेघ.]

पडद्यावर दिसतं ते खरं का, हा संशय प्रेक्षकाच्या डोळ्यांत कसा उतरवला? त्याचं उत्तर या कागदावर आहे. याला लेआउट म्हणतात. स्टोरीबोर्डमध्ये प्रत्येक शॉटचा क्रमांक, कृती, संवाद आणि वेळ सेकंद-फ्रेममध्ये लिहिलेली असते. त्यावरून शॉटगणिक एक लेआउट काढतात. कॅमेरा किती उंचीवर, लेन्स कोणती, माणूस कुठे उभा, पार्श्वभूमी कुठे संपते आणि पात्रांच्या पुढे येणारा पार्श्वभूमीचा वेगळा तुकडा, ज्याला स्टुडिओत ‘बुक’ म्हणतात, कुठे सुरू होतो, हे सगळं त्यात येतं. दिग्दर्शकाने तपासल्यावर त्याची एक प्रत पार्श्वभूमी रंगवणाऱ्याकडे जाते, एक हालचालीची मुख्य चित्रं काढणाऱ्या की-ॲनिमेटरकडे. दोघं वेगवेगळ्या टेबलांवर काम करतात. त्यांची चित्रं एकमेकांवर बसतात ती या एका कागदामुळे.

चूक होते ती बहुधा क्षितिजरेषेत. कॅमेरा दीड मीटर उंचीवर असेल आणि जमीन सपाट असेल, तर सारख्या उंचीच्या प्रत्येक उभ्या माणसाला क्षितिज शरीराच्या एकाच जागी छेदलं पाहिजे, मग तो दोन पावलांवर असो की दोनशे. चित्रकाराने लांबचा माणूस नजरेने अंदाज घेऊन काढला की तो एकतर तरंगतो, नाहीतर जमिनीत रुततो. दुसरी अडचण लांब पल्ल्याच्या लेन्सची. तिथे रेषा इतक्या हळू जवळ येतात की त्यांचा लोपबिंदू, म्हणजे त्या जिथे मिळतात ती जागा, कागदाच्या पुष्कळ बाहेर पडतो. बाजूला जादा कागद चिकटवूनच तो गाठावा लागतो. आळस करून बिंदू कागदावरच घेतला, की शॉट एकदम रुंद लेन्सचा दिसू लागतो आणि दाटलेलं शहर मोकळं होतं.

शॉटन्‌शॉटचे लेआउट आधी पक्के करायची पद्धत १९७४ च्या ‘हायडी’ मालिकेत रुजली. तिचे ५२ भागांचे लेआउट हायाओ मियाझाकी यांनी काढले होते. ओशिईंनी ती पद्धत आणखी कडक केली. ‘पॅटलेबर २’ चे लेआउट काढणाऱ्यांत सातोशी कोन होते, जे पुढे स्वतः मोठे दिग्दर्शक झाले. हे कागद इतके नेमके होते की १९९४ मध्ये ‘मेथड्स’ नावाने ओशिईंचं त्यांच्यावरचं पुस्तकच निघालं.

आता हे डोक्यात ठेवून पुन्हा शॉट बघा. माणूस आणि आपण, यांच्यामध्ये जवळपास नेहमी काहीतरी आहे. गाडीची काच, खिडकी, टीव्ही, हेल्मेटची काच, रडारचा पडदा. चेहऱ्यावर भलत्याच उजेडाचं प्रतिबिंब सरकतं. पात्रं फार हलत नाहीत. सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी एकेक चित्र तीन फ्रेम ठेवलं की आठ चित्रांत भागतं. बोलण्याच्या शॉटमध्ये तर चेहऱ्याचं सेल, म्हणजे चित्र रंगवलेला पातळ, आरपार दिसणारा पत्रा, तसंच ठेवून फक्त तोंड बदलत. मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. असा शॉट लांबला की निर्जीव होतो. ओशिई तेवढ्या वेळात काचेवरून शहर वाहवतात, आणि बोलणाऱ्यापेक्षा बाहेरचं जास्त जिवंत वाटू लागतं. हे मला या चित्रपटाचं सर्वांत मोठं यश वाटतं.

सेलच्या कामात उजेड दाखवणं जिकिरीचं. त्या काळी मॉनिटरचा झळाळता पडदा फिल्मवर दोनदा चित्रित करून मिळवत. पहिल्या वेळी पडद्याची जागा काळी. मग फिल्म मागे घ्यायची, काळ्या मास्कमध्ये तेवढीच खिडकी कापायची आणि रंगीत जिलेटिनमधून खालून प्रकाश सोडायचा. फिल्म एका फ्रेमने चुकली किंवा मास्क केसभर सरकला, की उजेड शेजारच्या गालावर सांडतो. सेलच्या थरांचंही तसंच. सेल पूर्ण पारदर्शक नसतं, प्रत्येक जादा थर खालचा रंग किंचित मळवतो. म्हणून चार-पाच थरांवर जायचं टाळत, आणि एखादं पात्र मधल्या थरातून वरच्या थरात हलवलं तर रंगाचा डबा बदलावा लागे. नाहीतर त्याच माणसाचा कोट मध्येच उजळे.

[कालवे. गंजलेले धक्के. पुलांच्या पोटाखालून सरकणारी होडी.]

याच काचेची गोष्ट आराकावा शब्दांत सांगतो. त्याच्यासमोर कॅप्टन किइची गोतो, पोलीस तुकडीचा प्रमुख, झोपाळू डोळ्यांचा, सगळं ओळखून असलेला. आराकावाचं म्हणणं असं की आपली शांतता दुसऱ्यांच्या युद्धांवर पोसलेली आहे, आणि आपण ती युद्धं मॉनिटरपलीकडे ढकलून विसरलो आहोत. गोतो ते नाकारत नाही. शांतता अन्यायाची असली तरी न्याय्य युद्धापेक्षा ती राखणं हेच माझं काम, एवढंच तो धरून ठेवतो. आराकावा थांबत नाही. या शहरात प्रत्येक जण देवासारखा आहे, तो म्हणतो, बसल्या जागी सगळं बघतो आणि कशालाच हात लावत नाही. आराकावाला आवाज नाओतो ताकेनाका यांचा, गोतोला र्‍युसुके ओबायाशी यांचा. दोघंही एका पट्टीत बोलतात, कुठेही आवेश नाही, आणि त्यामुळेच कोण बरोबर हा निवाडा आपल्याला करता येत नाही.

[बर्फ. चौकात उभा शिपाई. कामाला निघालेली माणसं त्याच्या बाजूने जातात.]

टोकियो, बर्फ आणि रस्त्यावर सैनिक. हे तीन शब्द एकत्र आले की जपानी माणसाला २६ फेब्रुवारी १९३६ आठवतो, तरुण अधिकाऱ्यांचा फसलेला उठाव. त्या अधिकाऱ्यांच्या मागण्या होत्या. त्सुगेची एकही नाही. हेलिकॉप्टरं पूल पाडतात, संपर्क केंद्रं आणि पोलीस मुख्यालयावर मारा करतात. जमिनीखालच्या केबली तुटतात. आकाशात मानवरहित एअरशिप रेडिओ बंद पाडतात. मंत्री मागण्यांची वाट बघत बसतात. गोतोला कळतं की मागणी येणारच नाही. सत्ता नकोच आहे त्सुगेला. युद्ध कसं वाटतं, ते या शहराला दाखवायचं आहे. एक एअरशिप खाली येतं आणि रस्त्यांवर पिवळा वायू पसरतो. तो निरुपद्रवी निघतो, पण खरा कधी सुटेल हे कुणाला ठाऊक? हा प्रसंग पडद्यावर आला ऑगस्ट १९९३ मध्ये. टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन सोडलं गेलं २० मार्च १९९५ रोजी.

[समुद्र भरून काढलेली जमीन. पक्ष्यांचा कलकलाट.]

त्सुगेला पकडायला नागुमो स्वतः जातात. दोघांचं जुनं नातं आहे, कधीतरी तुटलेलं. तो पक्ष्यांच्या घोळक्यात उभा आहे, समोर पाण्यापलीकडे शहर. नागुमो बेडी काढतात. एक कडं त्याच्या मनगटात, दुसरं स्वतःच्या. मग चौकटीत फक्त दोन हात. ना काच, ना मॉनिटर. बोटं एकमेकांत अडकतात.