पाऊणकीचे गणित
(दापोली तालुक्यातील एका कुटुंबाच्या गृहशिक्षणावरील लघुमाहितीपटाचे निवेदन)

[हर्णै बंदर, तिसरा प्रहर. बैलगाड्या पाण्यात उतरत आहेत.]

हर्णै बंदरात मासळी घेऊन आलेल्या होड्या किनाऱ्यापासून काही अंतरावर थांबतात आणि बैलगाड्या पाण्यात शिरून माल वाळूवर आणतात. मागे सुवर्णदुर्ग उभा आहे, पुढे सुरमई, कोळंबी आणि बांगड्यांचे ढीग पडत आहेत, आणि लिलावाच्या घोळक्यात 11 वर्षांचा एक मुलगा वही उघडून उभा आहे. आज बुधवार आहे, आणि या वेळी त्याच्या वयाची मुले वर्गात बसलेली आहेत. याचे नाव मात्र आजवर कोणत्याही शाळेच्या पटावर चढलेले नाही. त्याच्या 17 वर्षांच्या बहिणीचे नाव होते. ती दुसरीत असताना आईवडिलांनी ते काढून घेतले. मुलांची नावे घेऊ नयेत, अशी त्यांच्या आईवडिलांची विनंती होती. म्हणून या चित्रपटात आपण त्यांना मोठी आणि धाकटा असेच म्हणणार आहोत.

[वहीचे पान जवळून. डावीकडे तिथी, उजवीकडे वेळ.]

धाकट्याच्या वहीतील हा तक्ता भरतीच्या वेळांचा आहे. कोकणात भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे : तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे घड्याळातील तास. चतुर्थीला तीन वाजता पाणी भरते, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. ही रीत मुलाला आजोबांनी शिकवली आणि त्यासाठी आधी पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ करून घेतली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे एके काळी मराठी शाळांतून रोज म्हटले जात असत. आज ते बहुतेक घरांतून आणि वर्गांतूनही गेले आहेत. या घरात ते टिकले, कारण संध्याकाळी वाळूवर क्रिकेट खेळायला किती वाजता जागा मोकळी होईल, हे त्यांच्यावाचून कळत नाही.

[ओटीवर आजोबा आणि धाकटा. पाटीवर आकडेमोड.]

हा प्रसंग आम्ही ठरवून चित्रित केलेला नाही. आजोबांशी बोलण्यासाठी कॅमेरा लावलेला असताना धाकटा वही घेऊन आला आणि त्याने विचारले, “आजोबा, पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे एक पाऊण पाऊण. सव्वाअकरावरून एकदम पाऊण वाजता कसं जाईल पाणी? रोज पाऊण तास पुढे जातं, मग त्या एकाच दिवशी दीड तास कसा?”

आजोबा बराच वेळ गप्प राहिले. पुढे जे झाले ते पाहण्यासारखे आहे, म्हणून आम्ही ते फारसे कापलेले नाही. आजोबांनी उत्तर दिले नाही. त्यांनी मुलाला महिनाभराच्या नोंदी काढायला लावल्या. मुलाने धक्क्याच्या पायऱ्यांवर खडूने खुणा करून, कधी पहाटे तर कधी भर दुपारी जाऊन, पाणी सर्वांत वर कधी येते ते टिपले होते. त्या नोंदींत अमावास्येची आणि पौर्णिमेची भरती घड्याळाच्या जवळजवळ त्याच वेळेला आलेली दिसत होती. याचा अर्थ पंधरा तिथींत भरती बरोबर बारा तास पुढे सरकली. बारा तासांची मिनिटे 720, त्यांना 15 ने भागले की 48 येतात. म्हणजे दर तिथीला पाणी 45 नव्हे, 48 मिनिटे उशिरा भरते. दर तिथीला राहून गेलेली ही तीन मिनिटे पंधरवड्यात 45 होतात, आणि पौर्णिमेनंतरच्या उडीत रोजच्या पाऊण तासापेक्षा जो पाऊण तास जास्त दिसत होता, तो हाच. पाऊणकीची रीत चुकीची नाही. ती तोंडी हिशेबासाठी सोपी केलेली आहे. मग आजोबांनी पाटीवर आणखी एक ओळ लिहिली : एक घटका म्हणजे 24 मिनिटे. अठ्ठेचाळीस मिनिटे म्हणजे नेमक्या दोन घटका. घड्याळाचे तास बाजूला ठेवले, तर तिथीला दोन घटका एवढाच हिशेब उरतो आणि त्यात काहीही उरत नाही किंवा कमी पडत नाही.

या एका प्रश्नाला या घरात नऊ दिवस मिळाले. त्या नऊ दिवसांत गणिताचा दुसरा धडा झाला नाही आणि कोणी तो मागितलाही नाही. गृहशिक्षण म्हणजे काय, असे आम्हाला जेव्हा जेव्हा विचारले जाते, तेव्हा आम्ही ही नऊ दिवसांची चित्रफीत दाखवतो.

[पुण्यातील जुनी छायाचित्रे. नंतर मुरुडचे घर, पोफळीची बाग.]

हे कुटुंब मूळचे पुण्याचे. आई बँकेत नोकरीला होत्या, वडील संगणक क्षेत्रात. मोठीला दुसरीच्या वर्षी शाळेतून सतत एकच शेरा येत असे की ती फार प्रश्न विचारते आणि त्यामुळे वर्गाचा वेळ जातो. साठ मुलांच्या वर्गात एका शिक्षिकेने तरी काय करावे, हे आईंना समजत होते, आणि त्या शिक्षिकेविषयी त्यांच्या बोलण्यात कुठेही कडवटपणा नाही. मुलीने मात्र हळूहळू प्रश्न विचारणे सोडले, आणि शेरा येणे बंद झाले त्याच महिन्यात आईवडिलांनी तिला घरी शिकवण्याचा निर्णय घेतला. वर्षभराने आजोबांचे दापोली तालुक्यातील मुरुडचे घर दुरुस्त करून सारे इकडे राहायला आले.

पहिले सहा महिने वाया गेले, असे आई स्पष्टपणे सांगतात. त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर फळा लावला, तासांचे वेळापत्रक केले, मोबाइलवर घंटा लावली, आणि दर शनिवारी चाचणी घेतली. शाळेतून काढलेल्या मुलीला त्यांनी घरातच पुन्हा शाळेत बसवले होते, फक्त आता तिच्या वर्गात दुसरे कोणी मूल नव्हते. तीन महिन्यांत दोघींचेही रोज रडणे सुरू झाले. ही वाट धरणाऱ्या अनेक घरांत पहिल्या वर्षी असेच होते, कारण पालक स्वतः शाळेत शिकलेले असतात आणि शिकण्याचे दुसरे रूप त्यांनी पाहिलेलेच नसते. फळा उतरवला गेला, तो आज कोंबड्यांच्या खुराड्याचे दार आहे, आणि त्यावरील सातचा पाढा अजून पुसट दिसतो.

[खुराडे. नंतर माजघरातील पुस्तकांची फडताळे.]

फळा गेला म्हणजे शिस्त गेली, असे नाही. सकाळचे दोन तास वाचन आणि लेखन होते आणि त्यात सवलत मिळत नाही. मराठी आई शिकवतात, इंग्रजी वडील, पाढे आणि पंचांग आजोबांकडे. जे घरात कोणालाच येत नाही, ते गावात शोधले जाते : मोठीने होडीचे इंजिन उघडणे आणि बसवणे बंदरावरील एका मिस्त्रींकडे दोन वर्षे शिकून घेतले. जून आणि जुलैमध्ये मासेमारीला बंदी असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि दुरुस्तीची कामे तेव्हाच निघतात, त्यामुळे बाकीच्या मुलांची शाळा सुरू होते त्याच वेळी तिचे हे वर्ग सुरू होत. त्या पावसाळ्यात आम्ही तेथे नव्हतो, म्हणून मिस्त्रींनी काढलेले हे एकच छायाचित्र येथे दाखवत आहोत.

[मुक्त विद्यालयाची पाठ्यपुस्तके, ओळखपत्र.]

दाखल्याचे काय, हा प्रश्न प्रत्येक नातेवाईक विचारतो, आणि त्याचे उत्तर देशात बऱ्याच काळापासून आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालय 1989 साली स्थापन झाले आणि 2002 साली त्याचे नाव राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था असे झाले. वयाची 14 वर्षे पूर्ण झाली की तेथे दहावीसाठी नाव नोंदवता येते, विषय स्वतः निवडता येतात, आणि सारे विषय एकाच वेळी द्यावे लागत नाहीत : पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसण्याची संधी मिळते आणि उत्तीर्ण झालेल्या विषयांचे गुण जमा राहतात. मोठीने दहावीचे पाच विषय दीड वर्षात तीन टप्प्यांनी दिले. आपल्या राज्य मंडळातही खासगीरीत्या बसणाऱ्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म आहेच, आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून नोकरी, शेती आणि संसार सांभाळणाऱ्यांना पदवीपर्यंत नेत आहे. मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांना वैद्यकीय प्रवेशापासून रोखणारा नियम दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 साली रद्द केला.

कायदा मात्र अजून अडखळतो. संविधानात 2002 च्या 86व्या दुरुस्तीने आलेले कर्तव्य हे 6 ते 14 वर्षांच्या पाल्याला शिक्षणाच्या संधी देण्याचे आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने त्याच कर्तव्याला शेजारच्या शाळेत नाव घालण्याचे रूप दिले. नाव न घालणाऱ्या पालकाला हा कायदा कोणतीही शिक्षा सांगत नाही, पण घरी शिकवणाऱ्या पालकाची कोठे नोंदही करून घेत नाही. घरी शिकण्यासाठी शाळेबाहेर राहिलेले मूल आणि शाळेपासून वंचित राहिलेले मूल यांत फरक करणारा एक साधा रकाना सरकारी नोंदवहीत असावा, ही मागणी आम्हाला रास्त वाटते.

घरी शिकलेल्या मुलाचे दाखल्याशिवाय काय अडते, याचे ठळक उदाहरण मुंबईच्या मालविका जोशी हिचे आहे. तिला सातवीत असताना शाळेतून काढून घरी शिकवले गेले. आंतरराष्ट्रीय माहितीशास्त्र ऑलिंपियाडमध्ये तिने भारतासाठी दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदके मिळवली. बारावीचे प्रमाणपत्र नसल्यामुळे आयआयटीत तिला प्रवेश मिळू शकत नव्हता. 2016 साली अमेरिकेतील एमआयटीने तिला प्रवेश दिला, आणि त्याआधी चेन्नईच्या गणित संस्थेने तिला आपल्या वर्गांत बसू दिले होते.

[मुरुड गावातील रस्ता. दोन्ही बाजूंना नारळ आणि पोफळी.]

ज्या गावात हे कुटुंब राहते, ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे मुरुड आहे. येथून किशोरवयीन धोंडो कुंभार्ली घाटातून पायी चालत परीक्षा देण्यासाठी साताऱ्याला गेले, आणि वयाने फार लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. कर्व्यांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा. त्यानंतर पाचच दिवसांनी, कर्नाटकातील गंगामूळच्या रानात, पंडिता रमाबाईंचा जन्म झाला. रमाबाईंनी लहानपणी शाळेचे तोंड पाहिले नाही. संस्कृत त्या आईवडिलांकडे शिकल्या, आणि 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता ही पदवी दिली. आनंदीबाई जोशींना गोपाळरावांनी आणि रमाबाई रानड्यांना न्यायमूर्तींनी घरीच लिहायला वाचायला शिकवले. घरात शिकणे ही परदेशातून आलेली टूम आहे, असे म्हणणाऱ्यांना महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाची ही पहिली पाने आठवून पाहावीत, अशी आमची विनंती आहे. त्या वेळी घर हीच शाळा होती, कारण बहुतेक मुलींना शाळेचे दार बंद होते. आज ते उघडे आहे, आणि म्हणूनच घर निवडण्याला निवड म्हणता येते.

ही निवड महाग पडते, हेही सांगायला हवे. आईंनी नोकरी सोडली, घर एका पगारावर आले, आणि बंदरावर मासळी विकणाऱ्या ज्या बायका धाकट्याला हिशेब शिकवतात, त्यांच्या मुलांना घरी बसवून शिकवायला त्यांच्याकडे वेळ नाही; त्यांना चांगली शाळाच हवी. मोठीची बारावी यंदा पूर्ण होत आहे, पुढचे वर्ष ती किनाऱ्यावरच काम करणार आहे आणि पदवीचा विचार त्यानंतर. परीक्षा केंद्रात कॅमेऱ्याला परवानगी नव्हती.

[आंजर्ले, पहाट. उबवणी केंद्राचे कुंपण. मोठी तापमापक वाळूत खुपसते.]

आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या थंडीच्या दिवसांत अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. कोल्हे-कुत्र्यांनी आणि भरतीच्या पाण्याने ती नासू नयेत म्हणून कासवमित्र ती उचलून कुंपणाच्या आत त्याच खोलीवर पुन्हा पुरतात, आणि साधारण 45 ते 60 दिवसांत पिल्ले वर येतात. मोठी तीन हंगाम येथे कासवमित्रांबरोबर काम करते. पहिल्या हंगामात तिच्याकडे खड्डा मोजण्याचे काम होते. दुसऱ्या हंगामात तिच्या वाचनात आले की कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते, वाळू तापली की माद्या अधिक निघतात. तेव्हापासून ती प्रत्येक घरट्याशेजारी अंड्यांच्या खोलीवरच्या वाळूचे तापमान सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवते. सावलीसाठी लावलेल्या झापांखालची वाळू आणि उघडी वाळू यांतील फरक तिच्या तक्त्यात वेगळ्या शाईने आहे. हे काम तिला कोणी नेमून दिलेले नाही आणि त्याला गुणही नाहीत.

[टोपली उचलली जाते. पिल्ले वाळूवर. धाकटा हातात घड्याळ घेऊन पाण्याच्या कडेला.]

आज एका घरट्यातून 58 पिल्ले निघाली. पाणी किती वाजता उतरू लागेल, हे धाकट्याने आदल्या रात्रीच दोन घटकांच्या हिशेबाने काढून ताईला सांगितले होते, आणि पिल्ले त्याप्रमाणे सोडली. मोठी वहीत घरटे क्रमांक, तारीख, दिवस आणि पिल्लांची संख्या लिहिते आहे. शेवटचा रकाना नर-मादीचा आहे. पिल्लाकडे बाहेरून पाहून ते ओळखता येत नाही, म्हणून तीन हंगामांच्या साऱ्या पानांवर तो रिकामा आहे.