आधी कोणता नाला मोकळा करायचा?

हा रपटा बघा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल. खालून सिमेंटचे पाइप टाकलेत, पुरानं पुढची माती खरवडून नेली आणि आता पाइपांची तोंडं दोन फूट वर लटकतायत. गाडी आरामात निघून जाते, पण मृगाच्या पहिल्या पुरात चढणीचे मासे इथंच अडकतात, उड्या मारतात, आपटतात, आणि खाली जाळं घेऊन बसलेल्याला आयते सापडतात.

आपण आहोत कुही तालुक्यात. इथून जवळच अंभोरा, जिथं कन्हान वैनगंगेला मिळते, आम, मुरझा, कोलारी पण तिथंच येतात. खाली गोसीखुर्द धरण, वर पेंच नदीवर नवेगाव खैरी आणि तोतलाडोह ही धरणं, म्हणजे माशाला दोन्हीकडून कुलूप. अहेर मासा अंडी घालायला समुद्रात जातो, त्याची पिल्लं बंगालच्या उपसागरातून गोदावरी, प्राणहिता, वैनगंगा चढत यायला पाहिजेत, ती वाट एका नाल्यानं उघडत नाही. पण शिवड्याचं तसं नाही. हा मोठा मासा आज जागतिक लाल यादीत धोक्यातला म्हणून नोंदलाय, आणि त्याला अंडी घालायला पावसाळ्यातलं पसरट, उथळ पाणी मिळालं तरी पुष्कळ.

मग माशांची वाट मोकळी करायला सुरुवात कुठून? नागपुरात कुणालाही विचारा, नाग नदी म्हणतील. मलाही तेच वाटायचं, शहराचं नावच तिच्यावरून आहे ना. पण तिच्यात सांडपाणी वाहतंय तोवर मासे तिकडे वळवणं म्हणजे त्यांना मरायला बोलावणं आहे.

हिशोब खालून वर करावा लागतो. वरचा बंधारा फोडला आणि खालचा तसाच राहिला तर पैसे पाण्यात. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्याआधी काढले की वाट बरीच मोकळी होते, सिमेंट नाला बांध मात्र बारा महिने भिंत. आणि तिलापिया हा बाहेरून आलेला, इथल्या माशांना हटवणारा मासा वरच्या पाण्यात नसेल, खाली असेल, तर ती भिंत सध्या राहू द्यायची, हे ऐकायला विचित्र वाटतं पण खरंय.

अमेरिकेत क्लॅमथ नदीवरची 4 धरणं काढली, 2024 मध्ये काम संपलं आणि त्याच वर्षी सॅमन मासे वर पोचले.

इथं तर धरण पाडायचं नाहीये. या रपट्याच्या वर एक डोह आहे, एप्रिलमध्येही आटत नाही, आणि खाली नदीपर्यंत दुसरी भिंत नाही, म्हणून आमच्या यादीत हा पहिला. पाइपाखाली दगड रचून उतार करायचा, पाऊस लागायच्या आधी. पहिल्या पुराला कॅमेरा घेऊन इथंच उभे राहू.