वाफेवरचा स्वयंपाक, मायक्रोवेव्हमधला

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्या-मुंबईत शिक्षणासाठी, नोकरीसाठी खोली घेऊन राहणाऱ्या कितीतरी मुलामुलींना घरमालक गॅस ठेवू देत नाहीत; मायक्रोवेव्ह मात्र चालतो. उतारवयात एकटं राहणाऱ्यांनाही शेगडी चालू राहील अशी धास्ती असते. अशा घरांत मायक्रोवेव्हचं काम एकच: डब्यातलं कालचं गरम करायचं. मला आज तुम्हाला कळकळीनं सांगायचंय, की त्यात ताजं, चौरस जेवण शिजतं. फक्त त्याचा स्वभाव ओळखून पदार्थ निवडायचे.

हा स्वभाव आहे वाफेचा. आतल्या मॅग्नेट्रॉन नावाच्या नळीतून निघणाऱ्या लहरी मुख्यतः अन्नातल्या पाण्याला तापवतात. रडारसाठी वापरली जाणारी ही नळी स्वयंपाकाच्या कामी येईल, हे १९४५ च्या सुमारास अमेरिकेत पर्सी स्पेन्सर या अभियंत्याच्या ध्यानात आलं. आता पाणी शंभर अंशांच्या आसपास उकळतं, आणि पदार्थ ओला असेपर्यंत त्याच्या फार वर तो जात नाही. खरपूसपणाला याहून बरीच जास्त उष्णता लागते. म्हणून साध्या मायक्रोवेव्हमध्ये भाकरीला पापुद्रा सुटत नाही आणि वांग्याला भाजल्याचा वास येत नाही. पण उसळ, भात, पालेभाजी, मासे यांना वाफच तर हवी असते! आणि भाजी थोड्या पाण्यात, थोड्या वेळात शिजते, पाणी ओतून द्यावं लागत नाही, त्यामुळे पाण्यात विरघळणारं क जीवनसत्त्व पुष्कळसं ताटात येतं.

मोड आलेल्या मटकीची उसळ आधी करून पाहा. मी सांगतो त्या वेळा आठशे वॅटच्या मायक्रोवेव्हसाठी आहेत. तुमचा कमी शक्तीचा असेल तर मिनिट-दोन मिनिटं वाढवा. मायक्रोवेव्हला चालणारं काचेचं खोल भांडं घ्या. त्यात दोन चमचे तेल आणि मोहरी घालून वर सैलसर झाकण ठेवा. दीड-दोन मिनिटांत मोहरी तडतडलेली ऐकू येईल. भांडं फार तापतं, कोरड्या जाड फडक्यानंच धरा. मग जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता आणि बारीक चिरलेला कांदा घालून तीन मिनिटं. आता दोन वाट्या मटकी, अर्धी वाटी गरम पाणी, तिखट-मीठ. झाकून आठ ते दहा मिनिटं, मध्ये एकदा ढवळून. शेवटी गोडा मसाला, गुळाचा खडा, आणि झाकण न काढता पाच मिनिटं तसंच राहू द्या.

ही शेवटची पाच मिनिटं कृपा करून टाळू नका. लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात. त्याच्या आतलं शिजतं ते बाहेरून आत सरकणाऱ्या उष्णतेनं, आणि तिला वेळ द्यावा लागतो. म्हणूनच बटाट्याच्या फोडी भांड्याच्या कडेनं गोल मांडाव्यात, मध्ये जागा मोकळी ठेवावी.

भाताला एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, उतू जाऊ नये म्हणून उंच भांडं. झाकण न ठेवता दहा-बारा मिनिटं, मग झाकून पाच मिनिटं. पालक धुतल्यावर त्याला चिकटलेलं पाणीच त्याला पुरतं. अडीच-तीन मिनिटांत तो बसतो. निवल्यावर दह्यात कालवा. कुटासाठी शेंगदाणेही यातच भाजा: एकेक मिनिट, दर वेळी हलवून, असे तीन-चार वेळा. दाणे आतून जळतात आणि वरून कळत नाही, म्हणून एक दाणा मधूनच फोडून बघायचा. राजमा मात्र मायक्रोवेव्हमध्ये शिजवू नका. कच्चट राहिला तर तो पोटाला बाधतो, त्याला कुकरच हवा.

आणि मासे खाणाऱ्यांसाठी तर ही खरी मेजवानी आहे. पापलेटला चिरा द्या, मीठ आणि लिंबू लावा, ओलं खोबरं, कोथिंबीर, मिरची आणि लसणीची चटणी भरा, केळीच्या पानात गुंडाळा. मध्यम आकाराच्या पापलेटला सत्तर टक्के शक्तीवर पाच-सहा मिनिटं होतात. काट्याजवळचं मांस पांढरं होऊन सुटलं, की झालं. तेलाचा थेंबही लागत नाही.

काही गोष्टी मात्र पाळायलाच हव्यात. अंडं कवचासकट ठेवू नका, ते फुटतं; सोललेलं उकडलेलं अंडंसुद्धा गरम करताना फुटू शकतं. वांगं, बटाटा अख्खा ठेवायचा तर काट्यानं टोचून घ्या. स्टीलची भांडी, सोनेरी काठाच्या बश्या आणि मेलामाइनच्या ताटल्या बाहेरच ठेवा. हॉटेलातून येतात ते पातळ प्लास्टिकचे डबेही नकोत, जेवण काचेच्या भांड्यात काढून घ्या. आणि अन्नात किरणं राहतात ही भीती मनातून काढून टाका: बटण बंद झालं की लहरी थांबतात, अन्नात उरते ती फक्त उष्णता.

मटकी आज रात्री भिजत घाला. उद्या सकाळी उपसून फडक्यात बांधली, तर परवा सकाळच्या डब्याला उसळ तयार. नमस्कार.