जुनी रविवर्मा लक्ष्मी रद्दीत टाकण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी! ही तसबीर बघा. कमळावर उभी लक्ष्मी, चार हात, शेजारी सोंडेत हार घेतलेला हत्ती. आपल्या बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत ओळखीची. घर रिकामं करताना कुणीतरी हमखास म्हणतं, "रविवर्म्याचं मूळ चित्र आहे, लाखात जाईल!"

नाही हो. हा छाप आहे, ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखं दिसणारं छापील चित्र. पण म्हणून भंगारवाल्याला देऊ नका, कारण खरी गंमत छापातच आहे.

सयाजीराव महाराजांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रविवर्म्यांकडून रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चौदा चित्रं करून घेतली. सुरेखच आहेत. पण राजवाड्यातल्या भिंती बघणार कोण? सरदार आणि पाहुणे. चित्रं छापून घ्यावीत, हे टी. माधवरावांनी, म्हणजे आपल्या बडोद्याच्याच माजी दिवाणांनी, १८८४ सालीच रविवर्म्यांना पत्रातून सुचवलं होतं. प्रत्यक्ष छापखाना निघाला १८९४ मध्ये, मुंबईत गिरगावात. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. मग काय, ज्यांना देवळाची पायरीही चढू देत नव्हते, त्यांच्या भिंतीवरसुद्धा देव आला!

छपाई दगडावरची. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि तोच कागद प्रत्येक दगडावरून जायचा. जरा सरकला की ओठांचा लाल रंग ओठांबाहेर. शेवटी वॉर्निश, म्हणजे तैलचित्रासारखी चकाकी. आता भिंग घ्या. ठिपके वेडेवाकडे, हाताने टाकल्यासारखे दिसले तर दगडी छपाईची शक्यता. ओळीत, जाळीसारखे दिसले तर नंतरची ऑफसेट नक्कल.

खाली रविवर्म्यांचं नाव आहे म्हणून फार हुरळून जाऊ नका. त्यांच्या हयातीतच छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. रविवर्मा १९०६ मध्ये वारले, छपाई चालूच राहिली. (जाता जाता: आपल्या बडोद्याच्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेत शिकलेले दादासाहेब फाळके काही काळ याच छापखान्यात होते.)

काही तसबिरींत लक्ष्मीच्या साडीवर खरी जर आणि टिकल्या चिकटवलेल्या असतात. काही संग्राहक नाक मुरडतात. मला अशीच तसबीर जास्त आवडते, कुणीतरी देवीला सजवलंय त्यात.

तुमच्याकडे असेल तर कागदाला ओलं फडकं लावू नका, उन्हाच्या भिंतीवर टांगू नका. आणि मूळ तैलचित्रं बघायची असतील तर राजवाड्याच्या आवारातलं फतेहसिंह म्युझियम गाठा.