‘हाय’ म्हणजे होकार नव्हे

(लघुमाहितीपटाचे निवेदन)

[दृश्य: पहाट. सदाशिव पेठ. दुसऱ्या मजल्यावरील एका खिडकीत दिवा.]

पहाटेचे साडेपाच वाजले आहेत. पेठेत दूधवाल्यांची ये-जा सुरू झाली आहे, वर्तमानपत्रांचे गठ्ठे अजून सुटायचे आहेत, आणि या खोलीतला कामाचा दिवस मात्र उजाडला आहे, कारण टोकियोत आत्ता नऊ वाजले आहेत. खोलीत बसलेल्या बाई गेली सतरा वर्षे जपानी भाषेच्या दुभाषी म्हणून काम करीत आहेत. त्यांच्या एका कानाला टोकियोतील ग्राहक आहे आणि दुसऱ्या कानाला पुण्यातील संगणक अभियंत्यांचा चमू. भारत आणि जपान यांच्या घड्याळांतील साडेतीन तासांचा फरक त्यांच्या लेखी फार मोठा नाही. गजर लावला की तो मिटतो.

[दृश्य: वही. पानावर मधोमध उभी रेघ. डाव्या बाजूला जपानी अक्षरे, उजव्या बाजूला मराठी.]

त्यांची वही जरा जवळून पाहू. पानाच्या डाव्या बाजूला समोरचा माणूस काय म्हणाला ते आहे, उजव्या बाजूला त्याचा अर्थ काय ते आहे, आणि बऱ्याच ओळींत या दोन बाजू एकमेकींशी जुळत नाहीत. डावीकडे ‘केन्तो शिमासु’ आहे, म्हणजे ‘विचार करतो’. उजवीकडे बाईंनी ‘बहुधा नाही’ असे लिहिले आहे. डावीकडे ‘मुझुकाशी देसु ने’ आहे, म्हणजे ‘अवघड आहे हो’. उजवीकडे फक्त ‘नाही’.

[दृश्य: जपानी भाषेचा संध्याकाळचा वर्ग. फळ्यावर वाक्ये.]

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात ही भाषा शिकवली जातेच, पण त्यापलीकडे पेठांतून आणि कोथरूडमध्ये घराच्या पुढच्या खोलीत चालणारे असे कितीतरी वर्ग आहेत, जिथे शिक्षिकेला कोणी ‘मॅडम’ म्हणत नाही, सगळे ‘सेन्सेई’ म्हणतात. फळ्यावरचे वाक्य पाहा. ‘वाताशि वा पुणे नि सुन्दे इमासु.’ मी, पुणे, मध्ये, राहत आहे. कर्ता आधी, क्रियापद शेवटी, आणि ‘नि’ हा प्रत्ययासारखा शब्द नामाच्या मागे. इंग्रजी बोलणाऱ्याला ज्यासाठी वाक्य उलटे करून घ्यावे लागते, ते मराठी विद्यार्थ्याला आयते मिळते. ‘तानाका-सान नो होन’ म्हणजे ‘तानाकांचे पुस्तक’. ‘नो’च्या जागी ‘चे’ ठेवले की झाले. पहिल्या महिन्यात वर्गात जो आत्मविश्वास दिसतो, तो या साम्यातून येतो, आणि पुढच्या अडचणींचे मूळही काही अंशी त्यातच आहे, कारण व्याकरण ओळखीचे निघाले की माणसे आणि त्यांच्या रीतीही ओळखीच्याच असतील, असे वाटू लागते.

या मुलांसमोर जपानी भाषा प्राविण्य परीक्षा आहे. ती १९८४ साली सुरू झाली. २०१० पासून तिच्या पाच पातळ्या आहेत, एन-५ सर्वांत सोपी आणि एन-१ सर्वांत कठीण. या परीक्षेत शब्द, व्याकरण, वाचन आणि श्रवण तपासले जाते. बोलणे तपासले जात नाही. नोकरीच्या जाहिरातींत मात्र पातळीचा आकडा मागितला जातो आणि तेवढ्यावर माणूस बैठकीत नेऊन बसवला जातो.

[दृश्य: वर्गातील सराव. दोन विद्यार्थी व्हिजिटिंग कार्डांची देवघेव करीत आहेत.]

हा सराव सेन्सेई पुन्हा पुन्हा करून घेतात. कार्ड दोन्ही हातांनी द्यायचे, आणि अक्षरे घेणाऱ्याला सुलट दिसतील असे धरायचे. कार्ड घेतल्यावर ते वाचायचे, नाव उच्चारायचे, आणि बैठक चालू असेपर्यंत टेबलावर समोर ठेवायचे. डाव्या बाजूच्या या मुलाने ते सवयीने पँटच्या मागच्या खिशात सरकवले आहे, आणि वर्ग हसतो आहे. सेन्सेई हसत नाहीत. त्या त्याला कार्ड बाहेर काढायला लावतात आणि एवढेच विचारतात, की आत्ता तू कशावर बसणार होतास?

[दृश्य: तोच वर्ग. टेबलावर खेळण्यातला टेलिफोन.]

आता टेलिफोनचा सराव. पलीकडून ग्राहक विचारतो आहे, तानाका-सान आहेत का? तानाका हे या मुलीचे वरिष्ठ आहेत असे समजायचे. मराठीत आपण म्हणू, साहेब बाहेर गेले आहेत. साहेबांचा मान बाहेरच्या माणसासमोर तर अधिकच राखायचा. जपानीत याच्या उलट आहे. बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या कचेरीतले सगळे ‘आतले’ ठरतात, आणि आतल्यांना मान देणे म्हणजे ग्राहकाला कमी लेखणे होय. म्हणून ‘सान’ गळून पडते, नुसते ‘तानाका’ उरते, आणि क्रियापदही नम्रतेचे येते. स्वतःचे वडील बाहेरच्यांपुढे ‘चिचि’ होतात, दुसऱ्याचे वडील ‘ओतोसान’. ही मुलगी तिसऱ्यांदा अडखळते आहे. नियम तिला पाठ आहे, पण साहेबांचे नुसते आडनाव घ्यायला जीभ वळत नाही. सेन्सेई तिला पंगतीची आठवण देतात: पंचपक्वान्ने वाढणारा यजमानसुद्धा पाहुण्याला ‘आमची मीठभाकर गोड मानून घ्या’ असेच म्हणतो. जपानी माणूस पाहुण्यापुढे आपल्या साहेबांची मीठभाकर करतो. चौथ्या वेळी वाक्य नीट येते.

[दृश्य: चाकण परिसरातील एक कारखाना. पिवळे पट्टे आखलेली फरशी. एक कामगार यंत्राकडे बोट दाखवून मोठ्याने बोलतो.]

हा चाकणजवळचा सुट्या भागांचा कारखाना आहे. यंत्र सुरू करण्याआधी हे दादा दाबाच्या घड्याळाकडे हात लांब करून बोट दाखवतात आणि मोठ्याने ‘योशी!’ म्हणतात, म्हणजे ठीक आहे. मग झाकण. योशी. मग आजूबाजूची मोकळी जागा. योशी. जपानी रेल्वेच्या चालकांपासून आलेली ही पद्धत आहे. डोळा, हात, तोंड आणि कान एकाच वस्तूवर आणले की चूक निसटत नाही, हा त्यामागचा विचार. सुरुवातीला येथील माणसांना हे नाटकी वाटले, आणि त्याला भाषेचेही एक कारण असावे, कारण मराठीत बोट दाखवणे म्हणजे दोष देणे. आता पाळीतला सर्वांत तरुण मुलगाही न लाजता ओरडतो. तो आवाज ऐकू द्यावा.

[सात सेकंद निवेदन नाही.]

[दृश्य: पुन्हा पहाटेची खोली. संगणकाच्या पडद्यावर सहा चेहरे.]

बैठक सुरू आहे. पुण्याचा तरुण प्रकल्प व्यवस्थापक मुद्दे मांडतो आहे आणि टोकियोतील गृहस्थ दर वाक्यानंतर मान हलवून ‘हाय, हाय’ म्हणत आहेत. ‘हाय’ या शब्दाचा अर्थ कोशात ‘हो’ असा दिला आहे. आपल्याकडे ‘हाय हाय’ मोर्चात ऐकू येते, तो भाग वेगळा. पण दर वाक्यापाठोपाठ येणारे हे ‘हाय’ म्हणजे आपल्या आजीचे ‘हं’ आहे: ऐकते आहे, बोल पुढे. गोष्ट ऐकताना हुंकार देणाऱ्याने गोष्टीला संमती दिली, असे कोणी मानत नाही. तरीही इंग्रजीतून आलेल्या सवयीने हा ‘हो’ होकार म्हणून इतिवृत्तात लिहिला जातो. दुभाषी बाईंनी अशाच एका जुन्या कामाची आठवण सांगितली. ‘केन्तो शिमासु’चे भाषांतर ‘विचार करून कळवतो’ असे शब्दशः झाले, पुण्याने ते मान्यतेच्या जवळपासचे समजून तीन आठवडे काम केले, ते काम कोणी मागितलेले नव्हते, आणि पुढच्या वर्षी करार झाला नाही.

उलट दिशेनेही हेच घडते. ‘होऊन जाईल’, ‘बघतो’, ‘करून टाकू’ ही आपली दिलासा देणारी वाक्ये आहेत, आणि मराठी माणसाला त्यांतले वजन स्वरावरून कळते. टोकियोत ती वचन म्हणून नोंदवली जातात. म्हणून बाई या वाक्यांचे भाषांतर करण्याआधी कॉल क्षणभर थांबवून चमूला एकच प्रश्न विचारतात, तोच जो समोरून येणार असतो: कोणत्या तारखेपर्यंत?

जपानी कचेरीत ‘होरेन्सो’ नावाची एक शिस्त असते. ‘होकोकु’ म्हणजे अहवाल देणे, ‘रेनराकु’ म्हणजे कळवत राहणे, ‘सोदान’ म्हणजे सल्ला घेणे. या तीन शब्दांच्या आद्याक्षरांपासून हा शब्द बनला आहे, आणि गंमत अशी, की होरेन्सो म्हणजे पालकाची भाजीही. मराठी विद्यार्थ्याला तो लक्षात ठेवायला सोपा जातो, कारण वाईट बातमीसुद्धा वेळेत घरी सांगावी लागते ती पालकांनाच. काम अडले तर अडल्या दिवशी सांगायचे, ही अपेक्षा आहे. आपल्याकडे अडचण आपणच सोडवून मग सांगणे कर्तबगारीचे मानले जाते, आणि ती वृत्ती वाईट नाही. पण सोडवता आली नाही, की समोरच्याला ते शेवटच्या दिवशी कळते.

[दृश्य: सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान. पूल, पाणी, हिरवळ. एक माळी झाडाभोवती आळे करीत आहेत.]

ओकायामा शहरातील कोराकुएन या सुमारे तीनशे वर्षे जुन्या बागेवरून हे उद्यान साकारले आहे. पुणे–ओकायामा मैत्री उद्यान म्हणून ते २००६ मध्ये खुले झाले, आणि पुणेकर त्याला ओकायामा गार्डनच म्हणतात. सकाळच्या या वेळी येथे चालायला येणाऱ्यांपेक्षा छायाचित्रे काढायला येणारे जास्त असतात. माळीकाका करीत आहेत ते साधे आळे आहे, पण त्यांच्या कुदळीकडे पाहून एक जपानी शब्द समजून घेता येतो. मोठे झाड एका जागेवरून दुसरीकडे न्यायचे असेल तर कितीतरी आधी त्याच्या मुळांभोवती खणून, काही मुळे कापून, नवी बारीक मुळे फुटू द्यावी लागतात. याला ‘नेमावाशी’ म्हणतात, शब्दशः मुळांभोवती फिरणे. कचेरीत याच शब्दाचा अर्थ होतो, बैठकीच्या आधी एकेका संबंधित माणसाला भेटून त्याची शंका ऐकून घेणे, मसुद्यात बदल करणे आणि मगच विषय टेबलावर आणणे. पुण्यातील हुशार अभियंता आपला सर्वोत्तम मुद्दा राखून ठेवतो आणि भर बैठकीत मांडतो. टोकियोच्या बाजूने शांतता पसरते, आणि त्याला कळत नाही, की चुकले कुठे.

[दृश्य: पहाटेची खोली. पडद्यावरील चेहरे. कोणीही बोलत नाही.]

[अकरा सेकंद निवेदन नाही.]

याच शांततेत पुण्याकडून एखादा भिडस्त आवाज ‘किंमत थोडी कमी करता येईल’ असे बोलून बसतो. समोरचे गृहस्थ किमतीचा विचारच करीत नव्हते; त्यांना आठव्या पानावरचा तक्ता वाचायचा होता. आज बाईंनी हात वर करून आपल्या चमूला थांबवले आहे. त्यांना या बैठकीचे कागद दोन दिवस आधी मिळाले होते. एरवी ते बैठकीच्या दहा मिनिटे आधी येतात, आणि काही ठिकाणी येतही नाहीत, कारण दुभाषीने फक्त भाषांतर करायचे, अशी समजूत आहे.

[दृश्य: वहीचे पान. उजवी बाजू भरत आली आहे.]

साडेआठ वाजता टोकियोत जेवणाची सुट्टी होते. त्याआधी बाईंनी दोघांना वेगवेगळे फोन केले आहेत, एक तक्त्याबद्दल आणि एक तारखेबद्दल, आणि दोन्हींची उत्तरे वहीच्या उजव्या बाजूला उतरली आहेत. दाराशी आलेले वर्तमानपत्र त्यांनी आता उचलले आहे. पुण्याची कचेरी साडेनऊला उघडेल, औपचारिक बैठक अकराला आहे, आणि ती बारा मिनिटांत संपेल.

[दृश्य: रिकामी खुर्ची. संगणकाचा पडदा काळा. खिडकीतून ऊन.]