घरातला फोन आणि घरातली माणसे

श्रोतेहो, नमस्कार.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२५ सालच्या जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत दूरसंचाराविषयी देशभर एक पाहणी केली. देशातल्या ८५.५ टक्के कुटुंबांकडे किमान एक स्मार्टफोन आहे आणि ८६ टक्क्यांहून अधिक कुटुंबांच्या घरात इंटरनेट पोहोचले आहे, असे त्या पाहणीत दिसून आले. याच कार्यालयाच्या २०१७-१८च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या जेमतेम १५ टक्के आणि शहरातल्या ४२ टक्के घरांतच इंटरनेटची सोय आढळली होती. तेव्हा सात वर्षांत देशाने मोठी मजल मारली, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

पण त्याच २०२५च्या पाहणीत आणखी एक माहिती आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. १५ वर्षांवरच्या ग्रामीण पुरुषांपैकी सुमारे ८१ टक्क्यांकडे स्वतःच्या मालकीचा मोबाइल आहे. ग्रामीण स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ४८ टक्के आहे. शहरांमध्ये हेच आकडे अनुक्रमे ९० आणि ७२ टक्के आहेत. हा हिशेब कोणत्याही मोबाइलचा आहे, मग तो साधा बटणाचा असो की टचचा. याचा अर्थ खेड्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांकडे स्वतःचा म्हणावा असा कोणताच फोन नाही.

पहिला आकडा घराचा आहे आणि दुसरा माणसाचा. आपल्याकडची तंत्रज्ञानाची दरी या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहे आणि ती आता गाव आणि शहर यांच्यामध्ये जितकी आहे, त्याहून अधिक एकाच छपराखाली राहणाऱ्या माणसांमध्ये आहे, असे माझे मत आहे.

घरात एक स्मार्टफोन असतो, तेव्हा तो बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाच्या किंवा तरुण मुलाच्या खिशात असतो. तो माणूस सकाळी कामावर निघाला की घरातले इंटरनेटही त्याच्याबरोबर निघते. नवा फोन आला तर तो मुलाकडे जातो, मुलाचा जुना वडिलांकडे येतो, आणि काच तडकलेला, चार्ज केल्यावर दोन तास टिकणारा फोन आईच्या वाट्याला येतो. त्याचे रिचार्ज कधी संपले, हे तिला फोन लागेनासा झाल्यावर कळते आणि ते भरायचे की नाही, हे बहुतेक वेळा दुसरेच कोणीतरी ठरवते. सिमकार्डही पुष्कळदा तिच्या नावावर नसते. यात कोणाचा दुष्टपणा असतो असे नाही. घरात पैसा मोजका असतो, आणि फोनची गरज कोणाला अधिक, हे ठरवताना बाईच्या कामाला फोन लागतो असे कोणाच्या मनातच येत नाही.

वयाची गोष्ट आणखी बिकट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत इंटरनेटविषयी एक प्रश्न प्रथमच विचारला गेला: तुम्ही कधी इंटरनेट वापरले आहे का? महाराष्ट्रात ३८ टक्के स्त्रियांनी आणि ६१.५ टक्के पुरुषांनी ‘होय’ असे उत्तर दिले. महाराष्ट्रातले काम २०१९ साली, म्हणजे कोरोनाच्या आधी झाले होते, त्यामुळे आज हे आकडे वाढलेले असणार. मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच बाब. या पाहणीतले हे आकडे १५ ते ४९ या वयोगटाचे आहेत. पन्नाशी ओलांडलेली बाई, साठीतली विधवा, सत्तरीचा शेतमजूर ही माणसे या आकड्यांत नाहीतच, आणि निराधार योजनेचे अनुदान, निवृत्तिवेतन, रेशन यांसाठी ओळख पटवून देण्याची वेळ सर्वांत जास्त त्यांच्यावरच येते.

बचत गटांच्या बैठकांना मी जाते, तेव्हा अशा वयाच्या बायका मला नेहमी भेटतात. मराठवाड्यातल्या एका गावातल्या आजी त्यांचा बटणाचा फोन कापडी पिशवीत गुंडाळून कमरेला खोचतात. दोनचे बटण दाबून धरले की लेकीला फोन लागतो आणि तीनचे दाबून धरले की जावयाला, एवढे नातवाने लावून दिले आहे आणि तेवढ्यावर त्यांचे नीट भागते. अडचण येते ती ओटीपीच्या वेळी. आजी चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत, मराठी अंक त्यांना उत्तम येतात. फोनवर मात्र अंक इंग्रजी येतात, आणि इंग्रजीतला नऊ त्यांना मराठीतल्या एकासारखा दिसतो, सहा सातासारखा दिसतो, आठ चारासारखा. त्यामुळे सहा आकडे त्या मोठ्या आत्मविश्वासाने वाचून दाखवतात, समोरचा मुलगा ते टाइप करतो आणि पडद्यावर ‘चुकीचा ओटीपी’ असे उमटते. अशा बाईला आपण डिजिटल निरक्षर म्हणून मोकळे होतो. वास्तविक त्यांना अंक वाचता येतात. यंत्रणेने तो संदेश त्यांच्या लिपीत पाठवलेला नाही, इतकेच. संदेशातले अंक देवनागरीत पाठवायला कितीसा खर्च येईल?

आता कोणी म्हणेल, की घरातल्या एकाकडे फोन असला तरी पुरे, तोच सगळ्यांची कामे करील. पूर्वी हे काही अंशी खरे होते. रेशनकार्ड कुटुंबाचे असायचे, विजेचे बिल घराचे असायचे. मात्र गेल्या दहा वर्षांत शासनाने आपल्याला घर म्हणून ओळखणे कमी केले आणि एकेक व्यक्ती म्हणून ओळखायला सुरुवात केली. आधार क्रमांक व्यक्तीचा, बँक खाते व्यक्तीचे, अनुदान व्यक्तीच्या खात्यात थेट जमा होणार, आणि या सगळ्याची किल्ली म्हणजे आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक. हा बदल तत्त्वतः चांगला आहे, कारण बाईचे पैसे बाईच्या खात्यात जावेत हेच योग्य. मात्र हक्क व्यक्तीला दिला आणि किल्ली घरात ज्याच्याकडे फोन आहे त्याच्याकडे राहू दिली, तर तो हक्क पुन्हा त्याच्याच हातात जातो.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत हे लख्ख दिसले. दरमहा १,५०० रुपये देणारी ही योजना २०२४ साली सुरू झाली. २०२५च्या सप्टेंबरमध्ये सर्व लाभार्थींना ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळखपडताळणी, बंधनकारक झाली. त्यासाठी बाईच्या आधारला जोडलेल्या क्रमांकावर ओटीपी येणार होता, आणि त्याशिवाय पतीच्या किंवा वडिलांच्या आधारवरचाही ओटीपी लागणार होता. ज्यांचे पतीही हयात नाहीत आणि वडीलही नाहीत, ज्यांना नवऱ्याने टाकले आहे, ज्यांचा नवरा ऊसतोडीला किंवा बांधकामावर परजिल्ह्यात गेला आहे, त्यांनी काय करायचे? विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांसाठी अंगणवाडी सेविकेकडे कागदपत्रे देण्याची सोय पुढे झाली आणि मुदतही वाढली. तो निर्णय योग्यच होता. पण नियम लिहिताना अशी बाई डोळ्यांसमोर असती, तर ही सोय पहिल्याच दिवशी झाली असती.

शेतीतही तोच प्रकार आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून ॲपवर पिकाचा फोटो टाकायचा आणि त्यावरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद व्हायची, अशी ही पद्धत आहे. तलाठ्याच्या चावडीवर हेलपाटे घालण्यापेक्षा ती कितीतरी बरी. पण ज्या घरातला नवरा पुण्या-मुंबईला कामाला आहे आणि शेत बाई कसते आहे, तिथे पीक गावात असते आणि फोन शहरात. सातपुड्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर तर हातात फोन असूनही रेंजसाठी टेकडी चढावी लागते. पुढे शासनाने या कामासाठी गावोगावी सहाय्यक नेमले, आणि कामाला गती आली ती अशा पायी फिरणाऱ्या माणसांमुळे.

कोरोनाच्या लसीकरणाची आठवण तर अजून ताजी आहे. १ मे २०२१पासून १८ ते ४४ वयोगटाला लस खुली झाली, ती फक्त ऑनलाइन नोंदणी करून. शहरातली तरुण मंडळी भराभर जागा पकडून गाड्या काढून खेड्यांतल्या केंद्रांवर लस घ्यायला जात होती आणि त्याच गावातली माणसे बाहेर उभी राहून बघत होती. या पद्धतीवर सर्वोच्च न्यायालयानेही प्रश्न उपस्थित केला, आणि केंद्रावर जाऊन थेट नाव नोंदवण्याची सोय महिनाभरातच सरकारी केंद्रांवर सुरू करावी लागली.

गोव्याचे उदाहरण मला आशादायक वाटते. त्याच आरोग्य पाहणीत गोव्यातल्या ९१ टक्के स्त्रियांनी आपण स्वतः वापरतो असा मोबाइल असल्याचे सांगितले; महाराष्ट्रात हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास होते. इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया गोव्यात ७४ टक्के आणि पुरुष ८३ टक्के होते, म्हणजे स्त्री-पुरुषांमधले अंतर महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. गोवा लहान आहे, तिथे वस्ती बरीचशी शहरी आहे, मुलींचे शिक्षण आधीपासून पुढे आहे. या गोष्टी एका रात्रीत होत नाहीत, पण त्या झाल्या म्हणजे हे अंतर घटते, एवढे तरी शेजारच्या राज्याने दाखवून दिले आहे.

मग करायचे काय? प्रशिक्षणाचा मोठा प्रयत्न देशात झालेला आहे. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ साली सुरू झाले आणि मार्च २०२४पर्यंत त्यात ६ कोटींहून अधिक लोकांना शिकवले गेले. मात्र त्याचे उद्दिष्ट दर घरामागे एक व्यक्ती असे होते. मोजणी घराची, प्रशिक्षणही घरातल्या एकाचे, आणि उरलेल्यांनी त्या एकावर विसंबून राहायचे. यापुढच्या कोणत्याही योजनेत घरातल्या दुसऱ्या, तिसऱ्या माणसाला शिकवले पाहिजे, आणि त्यातही वयस्क स्त्रीला आधी.

त्याचबरोबर ऑनलाइन दाराशेजारी दुसरे दार कायम उघडे राहिले पाहिजे. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी पोस्टमन यंत्र घेऊन घरी येतो. तंत्रज्ञान तेच आहे, फक्त म्हाताऱ्या माणसाला त्याच्यामागे धावावे लागत नाही. हीच रीत निराधार योजनेला का लागू करू नये? ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. बँकेची ओळखपडताळणी पूर्ण करण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करणे ज्यांना शक्य नव्हते, अशा माणसांनी हा लढा दिला. या निकालाचा आधार घेऊन ग्रामसभांनी, महिला मंडळांनी, ज्येष्ठ नागरिक संघांनी आपापल्या तालुक्यात पर्यायी सोयीची मागणी लेखी स्वरूपात करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आणि श्रोतेहो, घरच्या घरी करण्याजोगेही एक काम आहे. आपल्या आईच्या, आजीच्या, सासूबाईंच्या आधारला कोणता मोबाइल क्रमांक जोडला आहे, हे आज विचारून पाहा. पुष्कळ ठिकाणी तो केव्हाच बंद पडलेला, शेजाऱ्याचा किंवा सेवा केंद्र चालवणाऱ्याचा निघतो. तसे असेल तर त्यांच्या नावाने सिमकार्ड घ्या, त्यांच्या हाती फोन द्या आणि त्यांना घेऊन जवळच्या आधार केंद्रावर जा. जुना क्रमांक चालू नसला तरी हरकत नाही. बोटांचे ठसे जुळले की नवा क्रमांक जोडला जातो आणि त्यासाठी आधार कार्डाखेरीज दुसरे कोणतेही कागदपत्र लागत नाही.

नमस्कार.